सेलूच्या मैदानातले तेरा मीटर

कल्पू,

तुझी शोकसभा सेलूलाच ठेवली होती, कॉलेजच्या हॉलमध्ये. पुलगावहून दिलीपभाऊ आले होते, तुझा मुलगा आला होता, आणि तुझ्याबरोबर एक फेरीसुद्धा न धावलेल्या बऱ्याच बायका आल्या होत्या. आपले सर बोलायला उठले. आता काठी घेऊन चालतात, पण माइक हातात आला की आवाज अजून मैदानावरचाच निघतो. तू सलग तीन वर्षं आठशे मीटरची विद्यापीठ विजेती होतीस हे त्यांनी सांगितलं, दोनदा पंधराशेही जिंकलीस हे सांगितलं, आणि मग ते थांबले. ते थांबले तेव्हाच मला कळलं की आता ‘पण’ येणार.

“पण काय सांगू,” सर म्हणाले, “सरावात ही पोरगी देशाच्या शिबिरात जायच्या लायकीची होती. दोन-दहाच्या आत पाह्यजे होतं, ही आपल्या मैदानावर दोन मिनिटं नऊ सेकंद द्यायची. मी सोता घड्याळ लावलं हाय. अन् बाहेर गेली का दोन-तेरा. चार सेकंद फक्त. मन कच्चं पडलं तिचं. ऐन वेळी कच खायची.”

हॉलमध्ये हळहळ पसरली. दिलीपभाऊंनी मान हलवली. सरांनंतर माझी पाळी होती. मी उठले, तू माझी जिवाभावाची मैत्रीण होतीस असं म्हणाले, गळा दाटून आल्यासारखं केलं आणि खाली बसले. खरं तर गळा दाटला नव्हता. भीती वाटली होती.

म्हणून आता लिहिते आहे. हसू नकोस, उशीर झाला हे मलाही कळतं. तू कधीच कच खाल्ली नाहीस, कल्पू. आपलं सेलूचं मैदान चारशे मीटरचं नव्हतंच. ते तीनशे सत्त्याऐंशी मीटरचं होतं. एका फेरीला तेरा मीटर कमी, दोन फेऱ्यांना सव्वीस. तेवढं अंतर धावायला तुला चार सेकंद लागायचे. तेच ते चार सेकंद, ज्यांच्यापायी तू जन्मभर स्वतःला भित्री म्हणत राहिलीस. आणि हे मला अठरा वर्षांपासून माहीत होतं.

मैदान मोजण्याची कल्पना तुझीच होती, हे मात्र मी आधी सांगून टाकते. सगळा दोष एकटीने घ्यावा इतकी मी मोठ्या मनाची नाही. आपण दोघी कॉलेजात नुकत्याच गेलो होतो. कॉलेजचं मैदान एवढंसं, त्यात निम्म्यावर व्हॉलीबॉलवाले. बाजार समितीच्या मागे पडीक जागा होती, तिथे सरावाला परवानगी मिळाली. पण चारशे मीटरची फेरी आखायची कशी? सरांची टेप वीस मीटरवर तुटलेली, आणि वळणावर ती धरायची कशी हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तू काटे उपटत बसली होतीस. एकदम मान वर केलीस.

“काऊन व नंदे, तुमच्याकडचं ठिबकचं बंडल चारशे मीटरचंच असते नं?”

असायचंच. वांग्याच्या नाहीतर मिरचीच्या ओळींना टाकतात ती ठिबकची काळी नळी गुंडाळलेल्या बंडलात येते आणि त्याला चारशे मीटरचा कागद चिकटवलेला असतो. तुमच्या वाडीत तेव्हा पाटाचं पाणी होतं. ठिबक आमच्याकडे नवीन आलं होतं. मी आमच्या शेडमधून एक बंडल काढलं, सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि घेऊन आले. दोघींनी ते उलगडत उलगडत मोठ्या अंड्याच्या आकारात फिरवलं, तोंडाला तोंड मिळवलं, आणि तू ओरडलीस, “झालं व चारशे!” मग नळीच्या कडेने चुन्याची फक्की मारली आणि चार ठिकाणी दगड गाडले. सरांनी आपल्या दोघींच्या पाठीवर थाप मारली. भाजी पिकवणाऱ्यांच्या पोरी, आपण दुसऱ्या कशाने मैदान मोजणार होतो?

फक्त एक गोष्ट. बंडलावर चारशे मीटरचा कागद होता, पण बंडल बांधलेलं होतं आमच्या घरच्या सुतळीने. म्हणजे ते आधी कोणीतरी सोडलं होतं. ती सुतळी मला दिसली होती. मी तिचा विचार केला नाही.

त्यानंतरची वर्षं आपली चांगली गेली, निदान मला तसं वाटतं. तू पहाटे घरच्या सांबाराच्या जुड्या बांधून यायचीस. तुझ्या हातांना कोथिंबिरीचा वास असायचा, आणि धावताना तुझ्यामागे राहिलं की तो वास माझ्या नाकात यायचा. मी तुझ्यामागेच असायचे. पहिली फेरी तुला सोबत करायची आणि दुसऱ्या फेरीला बाजूला होऊन घड्याळ बघायचं, हे माझं काम. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं मी सगळ्यांना सांगायचे.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी म्हणायचे, आठशेला मागे राहावं, दुसऱ्यांना समोरचा वारा अंगावर घेऊ द्यावा आणि शेवटच्या वळणावर निघावं. तुला ते पटायचं नाही. “कोनाची पाठ पाह्यत धावनं मले जमत नाई. पुढं असली का मले रस्ता दिसते.” मी म्हणायचे, रस्ता गोल आहे, त्यात बघायचं काय? तू चपलेने मारायला धावायचीस. हे भांडण आपण तुझ्या लग्नानंतरही फोनवर चालू ठेवलं होतं. ते मिटलं नाही. आता तू बरोबर होतीस असं म्हणायला मी तयार आहे, पण ते तुझ्यासमोर म्हटलं असतं तर मजा होती.

पहिल्या वर्षी नागपूरला विद्यापीठाच्या शर्यतीत तू आठशे जिंकलीस तेव्हा दुसरी मुलगी वळणावर होती आणि तू रेषेच्या पार. सगळे टाळ्या वाजवत होते. तू टाळ्यांकडे न बघता सरळ वेळ लिहिणाऱ्या माणसाकडे गेलीस. दोन-तेरा. माझ्याकडे आलीस तेव्हा गळ्यात पदक होतं आणि डोळ्यांतून धार लागली होती. जिंकून रडणारी मुलगी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सर म्हणाले, “होते असं, मोठ्या मैदानाचा दबाव असते.” पुढच्या वर्षी दोन-तेरा. त्याच्या पुढच्या वर्षी दोन-तेराच, थोडं इकडे-तिकडे.

मग सगळ्यांनी मिळून तुझ्यावर इलाज सुरू केले. सर तुला शर्यतीआधी डोळे मिटून बसवायचे. तुझ्या आईने दृष्ट काढली. कॉलेजातल्या एका मॅडमनी तुला वहीत ‘मी घाबरत नाही’ असं रोज शंभर वेळा लिहायला सांगितलं, आणि तू लिहिलंस! दोन वह्या भरल्यास. घाबरत नसलेल्या मुलीवर आम्ही सगळ्यांनी तीन वर्षं घाबरण्याचे इलाज केले. मीही तुला सल्ले द्यायचे. “तू लोकायकडे पाहूच नको.” काय शहाणी होते मी!

पदवीनंतर तू एम.ए.ला नाव घातलंस ते अभ्यासासाठी नाही, अखिल भारतीय विद्यापीठ स्पर्धेचं एक वर्ष आणखी मिळावं म्हणून. मला भूमी अभिलेखची नोकरी लागली. मोजणीचं प्रशिक्षण सुरू झालं आणि हातात नवीकोरी पोलादी टेप आली. वळण कसं मोजायचं, खुंट्या कशा ठोकायच्या, लहान लहान तुकड्यांत टेप कशी धरायची, हे नुकतंच शिकवलं होतं. एका रविवारी मला वाटलं, सराव म्हणून आपलंच मैदान मोजून बघू, उत्तर तर माहीत आहे. तू त्या दिवशी मामाकडे गेली होतीस. मी दुपारी जेवून गेले आणि मोजलं. तीनशे सत्त्याऐंशी. हसू आलं मला, वाटलं, काय पण मोजणीवाली! पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं, तरी तेच.

घरी येऊन बाबांना विचारलं, “बाबा, त्या वर्षी मी मैदानावर नेलं होतं ते बंडल, त्यातलं तुमी काही कापलं होतं का?”

बाबा ओट्यावर मिरच्या निवडत होते. “कापलं असन बापा. वांग्याच्या एका ओळीले नळी कमी पडली होती. काऊन?”

“काही नाई,” मी म्हणाले.

पुढची अठरा वर्षं मी हेच म्हणत आले.

स्पर्धेला सहा आठवडे होते. मी स्वतःला सांगितलं की आता सांगितलं तर तू मोडशील. दोन-नऊ हा तुझा एकच आधार होता. शर्यतीत नाही निघाली तरी ती वेळ आपल्या पायांत आहे, एक दिवस निघेल, यावर तू उभी होतीस. तो आधार मी काढून घेऊ? शर्यत झाली की सांगू. हे कारण ऐकायला चांगलं आहे आणि थोडं खरंही आहे. दुसरं कारण म्हणजे लाज. बंडल माझं, सुतळी मी पाहिलेली, आणि नोकरी कसली तर मोजणीची.

तिसरं कारण मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मैदानावर उभी राहून तो आकडा पाहिला तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. इतकी वर्षं तुझ्यामागे धावले, तुझं घड्याळ धरलं, आणि आता कळलं की तूही देशाच्या तोडीची वगैरे नाहीस, विद्यापीठापुरतीच आहेस. माझ्यासारखीच सेलूची आहेस. मला हे लिहिताना स्वतःची किळस येते आहे, पण तुझ्यापासून आता आणखी काय लपवू?

स्पर्धा दक्षिणेत होती. मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून सरांनी मला रजा टाकायला लावली. जाताना दोन दिवस गाडीत तू फुटाणे खात होतीस आणि खिडकीबाहेरच्या प्रत्येक बैलाला नावं ठेवत होतीस. तू अजिबात घाबरलेली नव्हतीस. मी तुझ्या समोरच्या बाकावर होते, माझ्याइतकं हे कोणालाच माहीत नाही.

प्राथमिक फेरीतून तू अंतिम फेरीत गेलीस. सरांनी बेत ठरवला तो आपल्या मैदानावरून. पहिली फेरी त्रेसष्ट सेकंदांत, मग दुसरी सदुसष्ट गेली तरी दोन-दहा, नाहीतर त्याच्याही आत. मी कुंपणाला टेकून घड्याळ धरलं होतं. सर माझ्या शेजारी होते. बंदूक वाजली, तू तुझ्या सवयीप्रमाणे पुढे गेलीस, आणि पहिली फेरी संपवून आमच्यासमोरून निघालीस तेव्हा घड्याळात पासष्ट होते.

पासष्ट म्हणजे आपल्या मैदानावरचे त्रेसष्टच. तू अगदी बरोबर धावत होतीस. नेहमीइतकीच, ना कमी ना जास्त. उभ्या मैदानात हे फक्त मला कळत होतं.

“दोन सेकंद मागं हाय!” सर ओरडले. “उचल कल्पना, उचल!”

तू सरांकडे बघितलं नाहीस. तू नेहमी माझ्याकडे बघायचीस, कारण घड्याळ माझ्याकडे असायचं. तू मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलंस. मी ‘बरोबर आहेस’ एवढं ओरडले असते तरी पुरलं असतं. नुसता हात वर केला असता तरी तू समजली असतीस. मी खाली घड्याळाकडे बघितलं.

तू उचललंस. पलीकडच्या सरळ रेषेत तू सगळ्यांच्या पुढे आठ-दहा मीटर होतीस. सर उड्या मारत होते. शेवटच्या वळणावर, दीडशे मीटर राहिले असताना तुझे पाय गेले. एक एक करून मुली तुझ्या बाजूने निघून गेल्या. तू सातवी आलीस, आठांपैकी. तिसऱ्या आलेल्या मुलीची वेळ पुकारली तेव्हा मला कुठेतरी पळून जावंसं वाटलं. दोन-तेरा. तुझी रोजची वेळ.

तू कुंपणाशी येऊन ओकलीस. मी तुझे केस मागे धरले. तू तोंड पुसलंस आणि म्हणालीस, “मी घाबरली व नंदे. तू पाह्यलं नं?”

“होते असं,” मी म्हणाले.

मी तुला मारलं असतं तर ते कमी लागलं असतं.

परतीच्या गाडीत तू एकाही बैलाला नावं ठेवली नाहीस. त्यानंतर तू एकदाही धावली नाहीस. उन्हाळ्यात तुझं लग्न झालं आणि तू पुलगावला गेलीस. दिलीपभाऊ डेपोत नोकरीला, माणूस साधा. तू त्यांना पहिल्याच महिन्यात स्वतःची सगळी गोष्ट सांगितलीस आणि तिथूनच ती घरची थट्टा झाली. तिकडच्या एका शाळेने विद्यापीठ विजेती म्हणून तुला क्रीडाशिक्षिकेच्या जागेसाठी बोलावलं. तू गेली नाहीस. “मी पोरीयले काय शिकवू, घाबराले?” स्कूटीच्या लायसन्सची परीक्षा होती त्या सकाळी तू परत आलीस. ग्रामपंचायतीला उभी राहिलीस आणि शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतलास. दरवेळी मला फोन करून तू हसत सांगायचीस, “माही आदतच हाय व ते. ऐन टायमावर सोडून देतो आपन.” आणि मी तिकडून हसायचे.

इकडे माझं काय चाललं होतं ते तुला ठाऊकच आहे. पिपरी मेघ्यात घर बांधलं. जिल्हाभर बांधांवर उभी राहिले. हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर कुऱ्हाड घेऊन गेलेले मी पाहिले, आणि माझी टेप पडली की दोघंही गप्प व्हायचे. “बाईची मोजणी म्हणजे मोजणी,” असं माझ्याबद्दल बोलतात. ते ऐकून मी मान ताठ करून घरी यायचे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं टेप हातात घेतली की आपलं मैदान आठवायचं. मग तेही आठवेनासं झालं, हे सगळ्यात वाईट.

गेल्या दिवाळीनंतर तुझ्या पोटातली गाठ निघाली. डॉक्टरांनी केमोचे सहा डोस सांगितले होते. चार झाले आणि तू पुढचे घ्यायला नाही म्हणालीस. दिलीपभाऊंचा मला फोन आला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज रडका होता. “ताई, तुमचं ऐकते ते. तुमीच सांगून पाहा.” मी दुपारी वर्ध्याला दवाखान्यात आले. तुझ्या डोक्याला रुमाल होता. पाय चादरीबाहेर होते, आणि पोटऱ्या एवढ्याशा झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले तर तू म्हणालीस, “काय पाह्यतं, आता तू मले हरवशीन.”

मी डोस घे म्हणाले. जे सगळे म्हणत होते तेच म्हणाले. तू माझा हात धरलास.

“नंदे, तुले तं माहीत हाय नं मी कशी हावो ते. शेवटच्या दीडशेत माहे पाय जातेत. हे बी तसंच हाय. मी नाई पुरत शेवटपर्यंत. आता कायले सगळ्यायले तरास देऊ?”

तेव्हा ‘मैदानच लहान होतं’ हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं, कल्पू. पूर्ण आलं होतं. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं, आणि मला वाटलं, आता सांगितलं तर ही मला विचारेल, इतके दिवस काय करत होतीस? तुझ्या मरणापेक्षा मला त्या प्रश्नाची भीती जास्त वाटली.

“संत्रं सोलू का?” मी विचारलं.

“सोल,” तू म्हणालीस. दोन फोडी खाल्ल्यास. पाच आठवड्यांनी तू गेलीस.

खरं सांगितलं असतं तर तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं वचन कोणाला दिलं नव्हतं. पण तू स्वतःला भित्री समजून मेलीस, आणि ते माझं करणं आहे. त्याला दुसरं नाव मला सापडत नाही.

शोकसभेनंतर चार दिवसांनी मी पुलगावला गेले आणि दिलीपभाऊंना सगळं सांगितलं. बंडल, सुतळी, टेप, ते पासष्ट सेकंद, सगळं. त्यांचा चहा तसाच राहिला. शेवटी म्हणाले, “मंग अठरा वर्सं मी तिले काय म्हनत होतो?” ते उठले, भिंतीवरचा तुझा फोटो उगाच सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमी जा आता.” तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हटलं असतं, जे व्हायचं ते झालं. पण आपण गाडलेले दगड अजून तिथेच आहेत, कल्पू. त्याच दगडांवरून आजही फक्की मारतात. पोलीस भरतीची तयारी करणारी सेलूची मुलं-मुली रोज पहाटे त्याच मैदानावर धावतात. मुलींना भरतीला आठशे मीटरच असतं. मैदानावर त्यांची वेळ बसते आणि भरतीला गेल्या की काही सेकंदांनी हुकते. “सेलूची पोट्टी मैदानात घाबरतेत,” असं आता तालुकाभर बोलतात. माझ्यासमोर बोललेत आणि मी मान हलवलेली आहे. तू एकटी नव्हतीस. दरवर्षी मी नवीन मुली भित्र्या करत होते.

काल पहाटे टेप घेऊन सेलूला गेले. सरांना आधी फोन केला होता. काठी टेकत ते आले. सगळं ऐकलं आणि एका दगडावर बसले. मला वाटलं रागावतील. ते पलीकडच्या वळणाकडे बघत होते.

“मी उचल म्हटलं होतं तिले,” सर म्हणाले.

मग त्यांनीच टेपचं दुसरं टोक धरलं. वाकवत नव्हतं, तरी धरलं. दगड उकरून बाहेरच्या बाजूला सरकवले, नवी फक्की मारली, आणि मी दोनदा मोजून बघितलं. चारशे. मुली कडेला उभ्या राहून बघत होत्या. एकीने विचारलं की हे आधी कोणी मोजलं होतं, तर मी म्हणाले, मी मोजलं होतं. त्या थोड्या हसल्या. मीही हसले असते त्यांच्या जागी.

मग त्या धावल्या. त्यांच्यातली एक काटकुळी मुलगी पहिल्यापासून पुढे गेली ती शेवटपर्यंत पुढेच. रेषा ओलांडून ती सरांकडे गेली आणि वेळ विचारली. आदल्या दिवसापेक्षा सहा सेकंद जास्त. ती तिथेच मातीत बसली. मी जवळ गेले तर तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

“मॅडम, मी आज घाबरली काय?”

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. “नाई व बाई. तू कालच्याइतकीच धावली. कालचं मैदान लहान होतं. चूक माही होती, तुही नाई.”

तिने मान वर केली. “म्हंजे मी बराबर धावली?”

“बराबर धावली.”

दहा सेकंदही लागले नाहीत, कल्पू. मी मेले नाही, आभाळ कोसळलं नाही, मला ज्याची भीती होती तो प्रश्न तिने विचारला नाही. नाक पुसलं, बाटलीतलं पाणी प्यायली, आणि पुन्हा जाऊन रेषेवर उभी राहिली.